अठ्ठाविसाव्या वर्षी आयटीआय: कोल्हापुरात मशिनिस्ट ट्रेडची दोन वर्षं

ऑगस्ट २०२३ ते ऑगस्ट २०२५ या काळात मी कळंब्याच्या शासकीय आयटीआयमधून मशिनिस्ट ट्रेड (मशिनवर धातू कापून भाग बनवायचा अभ्यासक्रम) पूर्ण केला. प्रवेश घेतला तेव्हा वय अठ्ठावीस, लग्न झालेलं, आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशिन) ऑपरेटर म्हणून बरीच वर्षं काढलेली. प्रमाणपत्र आल्यापासून गावातली आणि शॉपमधली पोरं तेच तेच विचारतात. या वयात प्रवेश मिळतो का? पगाराचं काय केलंस? मशिन तर आधीच चालवत होतास, मग शिकलास काय? सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आमच्याकडं फाउंड्रीतून बिडाची कास्टिंगं यायची. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकमध्ये (मशिनच्या पकडीत) धरायचा, दार लावायचं, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढून गेज लावायचं. साइज हलली की सुपरवायझरला हाक. तो येऊन ऑफसेटमध्ये (मशिनमधल्या माप-दुरुस्तीच्या रकान्यात) एक आकडा टाकायचा आणि पुढचा जॉब बरोबर निघायचा. तो आकडा आला कुठून हे मला कळत नव्हतं आणि शिफ्टच्या घाईत विचारायला सवड नसायची. ड्रॉइंग टेबलावर पडलेलं असायचं, पण माझ्यासाठी त्यात फक्त तीन-चार मापं होती, लाल पेनानं गोल केलेली. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, कुठंही चांगल्या जागेसाठी गेलं की पहिला प्रश्न आयटीआयचा आणि दुसरा ड्रॉइंग वाचता येतं का हा. दोन्हीला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

वयाचं स्पष्ट सांगतो. आयटीआयला किमान वय १४ वर्षं लागतं आणि वरची मर्यादा नाही. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. मी दहावी २०११ ला झालो होतो, एकसष्ट टक्के. इतकी जुनी गुणपत्रिका चालेल का ही धाकधूक होती. चालली.

२०२३ ला दहावीचा निकाल २ जूनला लागला आणि त्या महिन्यातच आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले. अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर भरायचा असतो. खुल्या प्रवर्गातून मला दीडशे रुपये लागले. फॉर्म मोबाइलवरही भरता येतो, पण कागद स्कॅन करून चढवायचे असतात, म्हणून मी कोल्हापुरातल्याच संभाजीनगर भागातल्या एका नेट कॅफेत बसून भरला.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो शाळा सोडल्याच्या दाखल्यानं. दहावीनंतर मी अकरावीला नाव घातलं होतं आणि मध्येच सोडलं होतं. दाखला शेवटच्या संस्थेचा लागतो, शाळेचा नाही. त्या कॉलेजात माझं नाव असलेलं रजिस्टर वरच्या माळ्यावर होतं आणि प्रवेशाच्या गर्दीत ते काढायला कुणी मोकळं नव्हतं. दोन आठवडे त्यात गेले. अधिवासाचा दाखला सेतूवरून काढला, त्यालाही तेवढेच दिवस. मधल्या वर्षांत काय करत होतो याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, ते दिलं. राखीव प्रवर्गातून अर्ज भरणाऱ्यांनी जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आधीच हातात ठेवावं. आणि प्रवेशाच्या वेळी मूळ दाखला संस्थेत जमा होतो, तेव्हा त्याच्या चार-पाच साक्षांकित झेरॉक्स काढूनच तो द्या. पुढं बँकेत, पासच्या खिडकीवर, अप्रेंटिसशिपला, सगळीकडं त्या लागतात.

ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. मूळ कागद घेऊन आयटीआयमध्ये जाऊन अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो, त्यानंतरच विकल्प भरता येतात. विकल्प म्हणजे कुठली संस्था, कुठला ट्रेड, कितव्या पसंतीला. इथं नीट विचार करा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. मला बऱ्याच जणांनी इलेक्ट्रिशियन टाक म्हणून सांगितलं, सरकारी भरतीत जागा निघतात म्हणून. पण मला मशिनवरचंच काम करायचं होतं. पहिली पसंती मशिनिस्ट, दुसरी टर्नर, तिसरी मशिनिस्ट ग्राइंडर. पहिल्या फेरीत काही लागलं नाही. ते दिवस वाईट गेले. शॉपमध्ये सांगून बसलो होतो, घरीही बोलून झालं होतं. दुसऱ्या फेरीसाठी विकल्प नव्यानं भरता आले आणि मशिनिस्टला नंबर लागला. मेसेज आल्यावर प्रवेश घ्यायला मोजकेच दिवस असतात, त्यामुळं मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नको.

फी, अनामत धरून, तीन हजारांच्या आत बसली. त्याशिवाय दोन गणवेश, सेफ्टी शूज, ड्रॉइंगचं साहित्य, कच्च्या-पक्क्या वह्या यांना तितकेच अजून. गावाहून इस्पुर्लीमार्गे येणारी एसटी कळंब्यातच उतरवते. विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे महिन्याला साधारण दहा दिवसांचं भाडं पडतं. पास वेळेवर नूतन करा, महिन्याच्या सुरुवातीला खिडकीवर रांग मोठी असते.

खरा खर्च होता बुडालेल्या पगाराचा. आमच्या शॉपच्या मालकांना, अण्णांना, मी प्रवेश निश्चित झाल्यावर सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "जा गा, शिकून घे. संध्याकाळी येऊन चार तास मशिन धर. तुझी जागा कुठं जात न्हाई." त्यामुळं निम्म्याला थोडा कमी पगार चालू राहिला. बाकीचं आबांच्या उसाच्या बिलावर आणि बायकोच्या शिलाईवर निभावलं. हे लिहितोय कारण नोकरी सोडून शिकायला जाणाऱ्यानं घरच्यांशी महिन्याचा हिशेब आकड्यांत मांडून बोललं पाहिजे. आम्ही तो कागदावर मांडला होता. दुसऱ्या वर्षी हात आखडले तेव्हा कुणी कुणाला बोललं नाही ते त्या कागदामुळं. संध्याकाळी काम करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि त्यात कसलीही सवलत धरून चालू नका.

वर्गात बहुतेक पोरं सोळा-सतरा वर्षांची. पहिल्याच आठवड्यात सगळे मला दादा म्हणायला लागले आणि अवघडलेपण तिथंच संपलं.

आता कानस. मी सीएनसीवरून आलेलो, त्यामुळं मशिनवर उभं राहायला मिळेल या अपेक्षेत होतो. पहिले काही आठवडे मशिनच्या जवळही जायचं नसतं. सुरक्षिततेचे नियम, हत्यारांची ओळख, आणि मग व्हाइसमध्ये एम.एस.चा (साध्या पोलादाचा) तुकडा धरून कानस. ७५ बाय ७५ चा, १० मिलिमीटर जाडीचा. एक कड सरळ करायची, तिच्याशी काटकोनात दुसरी, मग बाकीच्या दोन. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी तळव्याला फोड आले आणि कड मधून फुगलेली राहिली. सगळ्यांचीच राहते. कारण कानस पुढं जाताना दोन्ही हातांचा जोर बदलत जातो: सुरुवातीला डावा हात जड, शेवटाला उजवा. हे वहीत लिहून येत नाही. आमच्या सरांनी माझ्या हातावर हात ठेवून चार फटके मारले आणि म्हणाले, "जोर पुढं जाताना. मागं येताना कानस नुसती यायला पाहिजे, दाबायची न्हाई." डावा पाय पुढं, अंग थोडं झुकलेलं, हालचाल खांद्यातून. कानशीला आधी खडू घासला तर बुरा दातांत अडकत नाही आणि जॉबवर ओरखडे उठत नाहीत. मार्किंगच्या आधी पृष्ठभागावर मोरचुदाचं पाणी फिरवायचं. तांब्याचा पातळ थर बसतो आणि स्क्रायबरची रेघ त्यावर लख्ख दिसते.

मग ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं हत्यार) कडेला लावून उजेडाकडं धरायचा. फटीतून जो उजेड येतो तो एकसारखा आहे का बघायचं. पहिले कित्येक दिवस मला एका टोकाला उजेड दिसायचा आणि तो कशानं येतो ते कळायचं नाही. पुढं हाताला कळायला लागलं, आणि त्याच सुमारास मला व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या हत्यारावर) विश्वास बसायला लागला. ०.०२ मिलिमीटर हा तोवर माझ्यासाठी स्क्रीनवरचा आकडा होता. कानशीच्या दोन हलक्या फटक्यांत तो निघून जातो हे स्वतःच्या हातानं पाहिलं तेव्हा सहा-सहा तास चालवलेल्या सीएनसीचा अर्थ लागायला लागला. बरीच पोरं हे आठवडे कंटाळून, कशीबशी ढकलतात. माझं मनापासून सांगणं आहे की ढकलू नका. पुढं लेथवर, मिलिंगवर, सीएनसीवर जे काही करता त्यात हाताला माप कळणं हीच मूळ गोष्ट आहे, आणि ते शिकायला एवढा मोकळा वेळ परत मिळत नाही.

हत्यारं संस्थेत मिळतात, पण स्वतःचा व्हर्नियर असावा असं मला वाटतं. बरा घ्यायचा तर दीड-दोन हजार जातात. आम्ही तिघांनी मिळून एक घेतला होता. विकत घेताना जबडे मिटून उजेडाकडं धरा आणि शून्य जुळतंय का तेही पाहा.

लेथ (जॉब फिरवत ठेवून कापायचं मशिन) आल्यावर वर्गात जीव आला. फेसिंग, स्टेप टर्निंग, टेपर, नर्लिंग, आटे. आरपीएम अंदाजानं लावायची सवय असेल तर ती इथं मोडते. सूत्र एकच: कटिंग स्पीडला १००० नं गुणायचं आणि पाय (π) गुणिले व्यासानं भागायचं. २५ मिलिमीटरचा एम.एस. बार, एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) टूल, कटिंग स्पीड मिनिटाला २५ मीटर धरली तर ३१८ येतात; मशिनवर त्याच्या जवळचा खालचा वेग लावायचा. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या दुमडलेल्या, चिप हातानं ओढायची नाही, आणि चकची चावी चकमध्ये ठेवून हात बाजूला करायचा नाही. ही शेवटची गोष्ट सर रोज सांगायचे, दोन वर्षं.

पहिल्या वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे मिलिंगवर (फिरत्या कटरनं कापणाऱ्या मशिनवर) गिअर कापणं. मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) २, दात ३२. ब्लँकचा (दात कापायच्या आधीच्या चकतीचा) बाहेरचा व्यास दातांत २ मिळवून मॉड्यूलनं गुणायचा, म्हणजे ६८ मिलिमीटर. दाताची खोली मॉड्यूलच्या सव्वादोन पट, साडेचार मिलिमीटर. कटर ४ नंबरचा, कारण तो २६ ते ३४ दातांसाठी असतो. आता ३२ समान भाग करायचे कसे? इंडेक्सिंग हेडमध्ये (जॉब ठरावीक भागांनी फिरवायच्या जोडणीत) क्रँक ४० वेळा फिरवला की जॉब एकदा फिरतो. ४० भागिले ३२, म्हणजे प्रत्येक दाताला सव्वा फेरा. पाव फेरा मोजायला १६ भोकांचं वर्तुळ घ्यायचं: एक पूर्ण फेरा आणि वर ४ भोकं. मोजताना पिन ज्या भोकात आहे ते धरायचं नाही. म्हणून सेक्टर आर्मच्या (भोकं मोजायच्या दोन पट्ट्यांच्या) मध्ये पाच भोकं दिसली पाहिजेत, चार नव्हेत. क्रँक नेहमी एकाच दिशेनं फिरवायचा. भोक चुकून पुढं गेलं तर नुसतं मागं आणून चालत नाही; चांगलं मागं नेऊन परत पुढं यायचं, नाहीतर वर्मचा (हेडमधल्या आटेवाल्या दांड्याचा) ढिलेपणा दातात उतरतो. प्रत्येक कटाआधी हेडचा स्पिंडल लॉक करायचा आणि इंडेक्स करताना सोडायचा.

सरांनी शिकवलेली एक पद्धत मी जन्मभर वापरीन. खोली देण्याआधी कटर नुसता टेकवून सगळीकडं बारीक खुणा पाडून घ्यायच्या. बत्तिसावी खूण झाल्यावर पुढचा फेरा बरोबर पहिल्या खुणेवर आला तरच हिशेब खरा. माझा आला. त्या दिवशी गिअर पूर्ण झाला तेव्हा एसटी चुकली होती आणि मला त्याचं काही वाटलं नाही. एका मिलिंगवर आम्ही चौघं असायचो. आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्याचं इंडेक्सिंग मोजत उभं राहिलं तर तो वेळही शिकण्यात जातो.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या तयारीत असतानाच २०२४ चा जुलै आला. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. कळंब्याकडं पाणी येत नाही, पण प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची पोरं अडकली. आमच्या ग्रुपवर रोज वहीच्या पानांचे फोटो जायचे. पावसाळ्यात नदीकाठच्या गावांतून येणाऱ्यांनी दाखले, वह्या आणि जर्नल प्लॅस्टिकमध्ये बांधून शहरातल्या कुणा नातेवाइकाकडं ठेवावीत. एका मित्राची जर्नलं त्याच्या मावशीकडं राजारामपुरीत होती, म्हणून वाचली.

दुसऱ्या वर्षी पुढचं मिलिंग, ग्राइंडिंग आणि सीएनसी. प्रोग्रॅम लिहायचा, सिम्युलेशनवर बघायचा, मग मशिनवर सिंगल ब्लॉकला एकेक ओळ चालवायची. ऑफसेटचा तो आकडा इथं उलगडला. टर्निंग सेंटरवर एक्सचं माप व्यासात धरलेलं असेल, जॉब २५.०३ येतोय आणि २५.०१ हवा असेल, तर वेअर ऑफसेटमध्ये एक्सला उणे ०.०२. बस. ज्याच्यासाठी मी वर्षानुवर्षं हाका मारल्या ते एवढंच होतं, फक्त त्यामागं व्यास, टूलची झीज आणि मोजमाप हे तिन्ही कळावं लागतं.

ड्रॉइंगचा विषय पोरं टाळतात. टाळू नका. ड्रॉइंगवर दृश्यं मांडायच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडं फर्स्ट अँगल शिकवतात, पण बाहेर माल पाठवणाऱ्या कारखान्यांत थर्ड अँगलची ड्रॉइंगही येतात. दोन्हींत दृश्यांच्या जागा उलट असतात. कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी बघायचं, माप नंतर. तसंच २५ च्या पुढं एच ७ लिहिलं असेल आणि तो मोठ्या लिपीतला एच असेल तर ते भोक आहे, २५.००० ते २५.०२१, लहान लिपीतला असेल तर शाफ्ट, २४.९७९ ते २५.०००. हे मला कळायला लागल्यावर संध्याकाळी शॉपमध्ये सुपरवायझर स्वतःहून ड्रॉइंग माझ्याकडं सरकवायला लागला.

अंतिम परीक्षा २०२५ च्या उन्हाळ्यानंतर झाली. थिअरी संगणकावर, प्रॅक्टिकल वर्कशॉपमध्ये. प्रॅक्टिकलला ६० टक्के लागतात, थिअरीला ३३. भारत स्किल्सच्या पोर्टलवर प्रश्नसंच फुकट आहेत; मी एसटीत बसून तेच सोडवले. प्रॅक्टिकलला मात्र एकच उपाय: जॉब सुरू करायच्या आधी पहिली दहा मिनिटं ड्रॉइंग वाचून कामाचा क्रम कागदावर लिहा. कुठला पृष्ठभाग आधी, कशावर धरायचं, कुठं मोजायचं. वेळ कमी पडतो तो कापण्यात नाही, परत परत जॉब धरण्यात.

एक कटकट आधीच मिटवून ठेवा ती नावाची. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. पोर्टलवर जे चढेल तेच प्रमाणपत्रावर येतं. माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं होतं. पहिल्याच वर्षी लेखी अर्ज देऊन पोचपावती घेतली, तरी दुरुस्ती दिसायला काही महिने लागले. शेवटच्या वर्षी हे निघालं असतं तर प्रमाणपत्र अडकलं असतं.

निकाल आणि प्रमाणपत्र ऑनलाइन डाउनलोड केलं. उद्यमनगरातून पेढे घेऊन आधी अण्णांकडं गेलो, मग घरी.

सध्या गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्यात एक वर्षाची अप्रेंटिसशिप चालू आहे. अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी करायची आणि करार ऑनलाइन झालाय याची खात्री करून घ्यायची. नंबर नसलेला करार धरू नका. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना अप्रेंटिस घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळं मोठ्या ठिकाणी विचारायला संकोच नको. विद्यावेतन माझ्या जुन्या पगारापेक्षा कमी आहे. पण अप्रेंटिसशिप संपल्यावरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र भरतीत धरलं जातं. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात अर्ज करता येतो. तो विचार अजून चालू आहे, घरी हिशेबाचा कागद परत मांडावा लागेल.

तुमच्यापैकी कुणाला पुढच्या प्रवेशासाठी अर्ज भरायचा असेल तर अधिवास, उत्पन्न, शाळा सोडल्याचा दाखला हे एप्रिलमध्येच काढून घ्या. दहावीचा निकाल लागला की सेतूवर उभं राहायला जागा मिळत नाही.